मारिओ कार्टमधील मोटारसायकल चालवताना या चुका टाळा

साताऱ्यातील आमच्या घरी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत भाचरे, त्यांचे मित्र आणि शेजारची मुले जमतात, आणि दुपारचे जेवण आटोपले की टीव्हीसमोर मारिओ कार्ट या निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेमच्या शर्यती सुरू होतात. माझ्याकडे निन्टेन्डोचा एक जुना वी कन्सोल आहे, त्याच कंपनीचा नंतरचा स्विच आहे, आणि दोन्हींवर या मालिकेतील मोटारसायकली मी इतकी वर्षे चालवत आले आहे की कोणते मूल कोणत्या वळणावर आपटणार हे त्याने गाडी निवडताच मला कळते. दर सुट्टीत मुले नवी असतात आणि चुका मात्र त्याच असतात. त्या एकदा नीट लिहून ठेवाव्यात, म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण पहिली चूक तिच्याच अज्ञानातून होते. १९९२ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत पहिली सोळा वर्षे केवळ चारचाकी कार्ट होत्या. मोटारसायकल आली ती २००८ च्या मारिओ कार्ट वीमध्ये. त्या गेममध्ये एकूण ३६ गाड्या असून त्यांपैकी निम्म्या, म्हणजे १८, मोटारसायकली आहेत. हलक्या, मध्यम आणि जड अशा तीन वजनगटांत प्रत्येकी सहा. खेळणाऱ्याने मोटारसायकल टाळू नये याची काळजीही गेमनेच घेतली आहे, कारण सुरुवातीला ५० सीसी या सर्वांत कमी वेगाच्या स्पर्धेत फक्त कार्ट मिळतात, १०० सीसीत फक्त मोटारसायकली मिळतात आणि १५० सीसीत दोन्ही मिळतात. २०११ च्या मारिओ कार्ट ७ मध्ये मोटारसायकली पूर्णपणे काढून टाकण्यात आल्या आणि २०१४ च्या मारिओ कार्ट ८ मध्ये त्या परत आल्या, पण बदललेल्या स्वरूपात. २०१७ पासून स्विचवर खेळली जाणारी डिलक्स आवृत्ती याच आठव्या गेमची आहे.

त्यामुळे स्विचवर शिकलेले मूल वीवर बसते, किंवा वीवर शिकलेले स्विचवर बसते, तेव्हा त्याने हात नव्याने बसवून घेतला पाहिजे. वीवरील मोटारसायकलचे पुढचे चाक खेळाडूला स्वतः उचलता येते, म्हणजे व्हीली मारता येते, आणि तिचा वेग त्यामुळे सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. आठव्या गेममध्ये ही सोय नाही. दुसरा फरक ठिणग्यांचा आहे. ड्रिफ्टचे, म्हणजे घसरत वळण्याचे, बटण दाबून वळण घेतले की चाकांतून ठिणग्या निघतात आणि बटण सोडताच गाडीला क्षणभर जादा वेग मिळतो, त्यालाच मिनी-टर्बो म्हणतात. वीवर लांब वळण घेताना कार्टच्या चाकांतून आधी निळ्या आणि नंतर नारिंगी ठिणग्या निघतात, मात्र मोटारसायकलला केवळ निळ्याच मिळतात. डिलक्समध्ये निळ्या, नारिंगी आणि जांभळ्या अशा तीन पायऱ्या सर्वच गाड्यांना आहेत. स्विचवरून आलेली मुले वीच्या मोटारसायकलवर नारिंगी ठिणग्यांची वाट पाहत वळण ओढत राहतात आणि भिंतीला जाऊन भिडतात. वीवर मोटारसायकल चालवताना निळी ठिणगी दिसली आणि गाडीचे तोंड सरळ झाले की बटण सोडून द्यावे. तिथे आणखी थांबून काहीही मिळत नाही.

वळण लवकर सुरू करणे

ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी चूक आहे आणि तिच्याविषयी मी विस्ताराने लिहिणार आहे.

मोटारसायकली दोन स्वभावांच्या असतात. काही मोटारसायकली ड्रिफ्ट करताना कार्टप्रमाणे आधी बाहेरच्या बाजूला घसरतात आणि मग वळतात. वीमधील स्टँडर्ड बाइक, शुगरस्कूट, झिप झिप आणि वारिओ बाइक या तशा आहेत. काही मात्र बटण दाबताक्षणी वळणाच्या आतल्या बाजूला झुकतात आणि तिकडेच ओढल्या जातात. माक बाइक, फ्लेम रनर आणि स्पिअर या अशा आहेत. मारिओ कार्ट ८ मध्येही स्पोर्ट बाइक, जेट बाइक, कॉमेट आणि योशी बाइक आत झुकणाऱ्या आहेत, तर तिथली स्टँडर्ड बाइक, मिस्टर स्कूटी आणि सिटी ट्रिपर बाहेर घसरणाऱ्या आहेत. गाडी निवडताना पडद्यावर यासंबंधी कोणतीही खूण दिलेली नसते.

साताऱ्याच्या वाचकांना हा फरक समजावण्यासाठी मी नेहमी यवतेश्वरच्या घाटाचे उदाहरण देते. कासकडे जाणारी एसटी नागमोडी वळणावर येते तेव्हा चालक गाडी आधी बाहेरच्या कडेला नेतो आणि मग मोठा फेर घेऊन आत आणतो, कारण त्याने आधीच आत वळवली तर मागची चाके कठड्याला लागतील. त्याच वळणावरचा मोटारसायकलस्वार सरळ येतो, वळणाच्या तोंडाशी पोहोचतो आणि मग अंग झुकवून आतून निघून जातो. कार्ट आणि बाहेर घसरणारी मोटारसायकल यांची वळण्याची रीत एसटीची आहे, आत झुकणारीची रीत त्या स्वाराची आहे. एसटीच्या सवयीने, म्हणजे वळण अजून दूर असतानाच ड्रिफ्टचे बटण दाबले, तर आत झुकणारी गाडी वळण येण्याआधीच गवतात शिरते आणि गवतात शिरली की तिचा वेग मरतो.

मागच्या दिवाळीत माझा नववीतला भाचा पुण्याहून आला तो ठरवूनच आला होता की तो फंकी काँग हे पात्र आणि फ्लेम रनर ही गाडी, हीच जोडी घेणार. कुठेतरी चित्रफितीत त्याने पाहिले होते की वीमधील सर्वांत वेगवान जोडी ती हीच, आणि त्यात तथ्यही आहे. वेळेचे विक्रम करणाऱ्या अनेक खेळाडूंनी तीच वापरली आहे. पण त्याने आजवर केवळ स्विचवर कार्ट चालवली होती. लुइगी सर्किट हा त्या गेममधला अगदी पहिला आणि सोपा मार्ग, आणि त्याच्या पहिल्याच वळणावर तो सलग सहा वेळा आतल्या गवतात गेला. सातव्या वेळी त्याने रिमोट खाली ठेवला आणि म्हणाला, "आत्या, ही गाडीच बिघडलेली आहे, ती आपोआप आत जाते." मी त्याला म्हटले, "ती आतच जाणार, तू तिला फार लवकर सांगतोस." त्याला ते पटले नाही. त्याने लगेच मार्ग बदलला, मग गाडी बदलली, मग चित्रफीत पुन्हा पाहिली, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे मत असे झाले की चित्रफीत टाकणाऱ्यांकडे काहीतरी वेगळा गेम असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतर मुले उठण्याआधी मी त्याला बसवले. मी जे केले त्यात पद्धत अशी काही नाही, ती माझी जुनी सवय आहे. टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध खेळण्याच्या प्रकारात, लुइगी सर्किट लावायचे आणि सुरुवातीला मिळणारी, क्षणभर वेग वाढवणारी तिन्ही मशरूम पहिल्याच सरळ रस्त्यावर वापरून टाकायची, म्हणजे हात त्यांच्याकडे वळत नाही. मग तीन फेऱ्या ड्रिफ्ट न करता, साध्या वळण्याने मारायच्या आणि प्रत्येक वळणाच्या आतल्या कडेवरची एखादी खूण मनात धरायची. कुठे रंगीत पट्टा सुरू होतो, कुठे कुंपण संपते, कुठे बाणाचा फलक आहे. पुढच्या तीन फेऱ्यांत ती खूण गाडीच्या बरोबरीला येईपर्यंत बटण दाबायचेच नाही. पहिल्यांदा असे वाटते की आता खूप उशीर झाला, आपण बाहेरच्या भिंतीवर जाणार. आत झुकणारी गाडी त्या वेळीही वळते. भाच्याला हे समजायला अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास आदल्या दिवशीच दिला असता तर त्याची संपूर्ण दुपार वाचली असती.

याला जोडूनच एक गोष्ट. गाडी आत ओढली जाते म्हटल्यावर मुले घाबरून स्टिक सतत बाहेरच्या बाजूला दाबून धरतात. तसे केल्याने ठिणग्या हळू साठतात, कारण स्टिक वळणाच्या दिशेला असताना ठिणग्या लवकर तयार होतात. वळण उशिरा सुरू केले की स्टिक बाहेर दाबण्याची गरजच उरत नाही, म्हणून मूळ चूक सुधारावी.

गर्दीत पुढचे चाक उचलणे

व्हीलीचा मोह मला समजतो. वीच्या रिमोटला वरच्या दिशेने झटका दिला, किंवा क्लासिक वा गेमक्यूब कंट्रोलरवर दिशादर्शक बटण वर दाबले की पुढचे चाक उठते आणि गाडी सुसाट निघते. पण तिची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. चाक वर असेपर्यंत गाडी जवळजवळ वळत नाही, आणि त्या अवस्थेत दुसऱ्या गाडीचा धक्का लागला तर चाक खाली आदळते आणि वेग एकदम पडतो. शिवाय मोटारसायकली कार्टच्या मानाने हलक्या पडतात, त्यामुळे धक्का खाणारी बहुतेक वेळा आपणच असतो. वीमध्ये बारा गाड्या एकाच वेळी धावतात, आणि पहिल्या अर्ध्या फेरीत त्या सर्व एकमेकांना खेटून असतात. नेमके तिथेच नवखे खेळाडू चाक उचलतात.

चार वर्षांपूर्वी दिवाळीत आम्ही घरातल्या घरात चार शर्यतींची स्पर्धा लावली होती. वीमध्ये अनेकांनी मिळून कपस्पर्धा खेळता येत नाही, म्हणून व्हीएस, म्हणजे सुट्या शर्यतींच्या, प्रकारात चार मार्ग निवडले होते आणि शेवटचा मार्ग रेनबो रोड होता. मोठा भाचा डेझी या पात्राला माक बाइकवर बसवून खेळत होता आणि तीन शर्यतींनंतर त्याच्या थोरल्या बहिणीपेक्षा चार गुणांनी पुढे होता. ती बाउझरला जड कार्टमध्ये घेऊन खेळत होती. पहिल्याला १५ आणि दुसऱ्याला १२ गुण मिळतात, म्हणजे ती पहिली आली तरी त्याला केवळ दुसरे यायचे होते. शेवटच्या फेरीत ती पहिली होती, तो तिच्या चाकाला चाक लावून दुसरा होता आणि तिसरी गाडी बरीच मागे होती. मी स्वयंपाकघराच्या दारात चकलीचे ताट घेऊन उभी होते आणि मनाशी म्हणत होते की हा आता काहीच न करता जिंकतो. त्याच क्षणी त्याने बहिणीला मागे टाकण्यासाठी चाक उचलले. ती मुद्दाम आली नाही, रस्ताच तिच्या बाजूने वळत होता, आणि तिच्या कार्टची कड त्याला लागली. चाक आदळले, गाडी कडेकडे सरकली आणि कठडा नसलेल्या त्या रस्त्यावरून खाली गेली. पडलेल्यांना वर आणणाऱ्या लाकिटू या पात्राने उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवेपर्यंत पाच गाड्या पुढे निघून गेल्या होत्या. तो सातवा आला. तो रडला नाही, पण रात्री जेवायलाही आला नाही, आणि मला आजही वाटते की मी त्याला व्हीली शिकवली पण ती कुठे मारायची नसते हे शिकवले नव्हते, ती चूक माझी होती.

तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला तीच सवय लावते. चाक उचलण्यापूर्वी दोन्ही बाजूंना आपल्या गाडीच्या दुप्पट रुंदीइतकी जागा मोकळी आहे का ते पाहावे आणि पुढचे वळण किती दूर आहे ते ओळखावे. व्हीली सुमारे तीन सेकंद टिकते आणि नंतर चाक आपोआप खाली येते, म्हणून तीन सेकंद सरळ रस्ता समोर नसेल तर खाली झटका देऊन ती आपणच आधी संपवावी. मूनव्ह्यू हायवेसारख्या मार्गावर, जिथे समोरून आणि बाजूने मोटारी येत असतात, तिथे मी स्वतः चाक फारच कमी वेळा उचलते. एकट्याने पुढे असताना मात्र प्रत्येक सरळ रस्त्यावर उचलावे, कारण वीमधील मोटारसायकलचा खरा फायदा तोच आहे, आणि तिथे संकोच करणारा खेळाडू कार्टवाल्याकडून मागे टाकला जातो.

खऱ्या मोटारसायकलवर हा प्रकार कोणीही करू नये, हे मी घरात प्रत्येक वेळी सांगते आणि इथेही सांगते.

आडमार्ग आधी, वळणे नंतर

नवख्यांचा उतावळेपणा सर्वांत स्पष्ट दिसतो तो इथे. ग्रम्बल व्होल्कॅनोमध्ये एका खडकावर उड्या मारत राहून पूर्ण फेरी वाचवण्याची एक प्रसिद्ध युक्ती आहे. ती खरी आहे आणि ती करणाऱ्यांचे कौशल्यही खरे आहे. परंतु ज्या मुलाला त्या मार्गाची एक फेरी न पडता पूर्ण करता येत नाही, त्याने त्या खडकावर तीन तास घालवले तर त्याच्या हाती काय लागते, हे मी अनेकदा पाहिले आहे. मशरूम गॉर्जमधील उडीचा आडमार्गही तसाच. गवतातून जाणारे साधे आडमार्गसुद्धा मशरूम हाताशी असेल तरच उपयोगाचे असतात. मशरूमशिवाय गवतात शिरलेली गाडी मुख्य रस्त्याने गेलेल्या गाडीच्या मागेच पडते. माझ्याकडे नियम असा आहे की कोणत्याही मार्गाच्या तीन फेऱ्या एकदाही कडेला न लागता पूर्ण केल्याशिवाय त्या मार्गाचा आडमार्ग मी कोणाला दाखवत नाही. मुले कुरकुर करतात, मी ती ऐकून घेते आणि नियम बदलत नाही.

काही लहान चुका

ऑटोमॅटिक चालू ठेवून खेळणे. वीमध्ये ऑटोमॅटिक निवडले तर वळणानंतरचा मिनी-टर्बो मिळतच नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मॅन्युअलच निवडावे.

डिलक्समध्ये स्मार्ट स्टीअरिंग बंद न करणे. ते मुळातच चालू असते आणि गाडीच्या मागे लहानशी अँटेना दिसली तर ते चालू आहे असे समजावे. लहान मुलांना ते उपयोगी आहे, पण ते गाडीला रस्त्याबाहेर जाऊ देत नाही आणि आत झुकणारी मोटारसायकल शिकणाऱ्याला स्वतःची चूक दिसूच देत नाही. गाडी निवडतानाच अधिक चिन्हाचे बटण दाबून ते बंद करता येते.

डिलक्समध्ये उलटी मोजणी सुरू होताच बटण दाबून धरणे. चाके जागच्या जागी फिरतात आणि सर्व पुढे जातात. आकडा २ दिसल्यानंतर किंचित थांबून दाबावे.

नावावरून गाडी शोधणे. वीच्या अमेरिकी आवृत्तीतील फ्लेम रनर युरोपीय आवृत्तीत बाउझर बाइक आहे, स्पिअर तिथे टॉर्पेडो आहे आणि शुगरस्कूट बॉन बॉन आहे. आपल्याकडे कोणाच्या काकांनी अमेरिकेतून डिस्क आणलेली असते तर कोणाच्या मामांनी इंग्लंडहून, त्यामुळे गाडी चित्रावरून ओळखावी.

मारिओ कार्ट ८ मध्ये केवळ पडद्यावरील पट्ट्या पाहून गाडी, चाके आणि ग्लायडर जोडणे. मिनी-टर्बो किती टिकेल याचे मूल्य त्या पट्ट्यांत दाखवलेलेच नाही, म्हणून वेगाची पट्टी लांब दिसली तरी वळणावळणाच्या मार्गावर ती जोडणी मागे पडू शकते. आणि दहा नाणी गोळा केल्याशिवाय गाडीचा पूर्ण वेग मिळत नाही, हेही अनेकांना माहीत नसते.

गाडी ऐकत नाही, असे वाटते तेव्हा

प्रत्येक वेळी दोष चालवणाऱ्याचाच असतो असे नाही, म्हणून सामानाविषयीही लिहिते.

वीच्या चाकाने, म्हणजे रिमोट बसवलेल्या त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चाकाने, गाडी नीट वळत नसेल तर मुले टीव्हीजवळची सेन्सर बार हलवत बसतात. शर्यतीत वळण्यासाठी तिची गरज नसते. रिमोट स्वतःचा कल आतूनच मोजतो. ती पट्टी फक्त पडद्यावरील निर्देशकासाठी लागते. खरे कारण बहुतेक वेळा असे असते की मूल पूर्ण हातांनी, ट्रक चालवल्यासारखे चाक फिरवते आणि त्या झटक्यात नको असताना पुढचे चाक उठते. कोपर मांडीवर टेकवून फक्त मनगटे फिरवावीत. तरीही व्हीली आपोआप होत राहिली तर माझा सल्ला असा की चाक बाजूला ठेवून नंचक किंवा क्लासिक कंट्रोलर घ्यावा. चाकावर उत्तम खेळणारेही आहेत, पण शिकणाऱ्याला एका वेळी एकच अडचण असलेली बरी.

स्विचवर कोणी हात न लावता गाडी एका बाजूला जात असेल तर ते वेगळे. कंट्रोलरची स्टिक जुनी झाली की मध्यावर परत येत नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्सच्या भागात स्टिक पुन्हा जुळवण्याची सोय आहे, ती आधी वापरून पाहावी. आत झुकणारी मोटारसायकल चालवणाऱ्याला हा दोष सर्वांत उशिरा कळतो, कारण गाडी आत ओढली जाते याची त्याला सवयच झालेली असते. म्हणून सरळ रस्त्यावर अंगठा पूर्ण उचलून एकदा तपासून घ्यावे.

शेवटची गोष्ट टीव्हीची. आमच्याकडे जुना काचेचा टीव्ही जाऊन मोठा सपाट टीव्ही आला, तेव्हा आठवडाभर मी स्वतः प्रत्येक वळण उशिरा घेत होते आणि माझे वय झाले असे समजत होते. नवे टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर प्रक्रिया करतात, त्यामुळे बटण दाबणे आणि गाडी झुकणे यांत सूक्ष्म अंतर पडते. वीचे कमी रेषांचे चित्र मोठे करून दाखवताना हे अंतर आणखी जाणवते. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो लावावा. तो लावल्यावर लगेच शर्यतीत उतरू नये, कारण हात तोपर्यंत उशिरा येणाऱ्या चित्राला सरावलेला असतो आणि आता तो घाईने बटण दाबू लागतो. आधी लुइगी सर्किटवर एकट्याने तीन फेऱ्या माराव्यात आणि वळणावरच्या त्या खुणा पुन्हा जुळवून घ्याव्यात.